टाळी, ताट आणि दोन मोबाईल: सोलापूरच्या मैदानावर ध्वनी मोजायला शिकवताना

नववीच्या विज्ञानात ‘ध्वनीचा अभ्यास’ हा धडा आहे. हवेतला ध्वनीचा वेग ३४४ मीटर प्रति सेकंद, हे वाक्य मुलं त्यातून पाठ करून येतात. पण तो वेग २२ अंश सेल्सिअसच्या हवेतला. एप्रिलच्या सोलापुरात २२ अंश पहाटेसुद्धा क्वचितच भेटतात. दुपारी पारा ४० वर असताना आपल्या शाळेच्या मैदानावरून ध्वनी सेकंदाला ३५५ मीटरच्या आसपास धावतो. हा फरक दोन साध्या मोबाईलवर नववीतली मुलं स्वतः पकडू शकतात. पुस्तकातला आकडा चुकीचा नाही आणि आपलाही चुकीचा नाही, हे ज्या क्षणी त्यांना उमगतं, त्या क्षणासाठी मी हा धडा दरवर्षी मार्चपर्यंत राखून ठेवतो.

हे लिहितो आहे ते मोबाईल हातात घेऊन ध्वनी शिकवायला पहिल्यांदाच उभे राहणाऱ्यांसाठी. शिक्षक असा, शिकवणी घेणारे असा, की घरी मुलीला शिकवणारी आई असा. प्रयोगशाळा लागत नाही. दोन मोबाईल, गवंड्याचा मीटर टेप, स्टीलचं ताट, लाटणं, एक पाईपचा तुकडा आणि बादली, एवढं पुरतं.

आधी ॲप

मी ‘फायफॉक्स’ वापरतो. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या तंत्र विद्यापीठाने ते तयार केलं आणि २०१६ पासून ते मोफत मिळतं. त्यात जाहिराती नाहीत, आणि एकदा उतरवून घेतलं की हे प्रयोग इंटरनेटशिवाय चालतात. प्ले स्टोअरमध्ये शोधताना पी, एच, वाय, पी, एच, ओ, एक्स ही इंग्रजी अक्षरं सलग टाका. उघडल्यावर लांबलचक यादी दिसते, तिच्याने घाबरून जाऊ नका. आपल्याला त्यातले चारच प्रयोग लागतात: ऑडिओ स्कोप, टोन जनरेटर, ऑडिओ स्पेक्ट्रम आणि अकौस्टिक स्टॉपवॉच. पहिल्यांदा सुरू करताना ॲप मायक्रोफोनची परवानगी मागेल, ती द्या.

वर्गात नेण्याआधी घरी तीन गोष्टी करा. मोबाईल फ्लाईट मोडवर टाका, म्हणजे प्रयोगाच्या मधोमध फोन वाजणार नाही. कव्हर काढा, कारण बऱ्याच कव्हरांनी खालच्या कडेचं मायक्रोफोनचं बारीक छिद्र झाकलं जातं. आणि प्रत्येक प्रयोग एकदा स्वतः करून पाहा. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. साठ मुलांच्या वर्गात, पंखे गरगरत असताना थेट स्टॉपवॉच लावलं, आणि बाकावर पडलेल्या कंपासपेटीनेच ते सुरू झालं. सगळा तास घड्याळ पुन्हा शून्यावर आणण्यात गेला. तेव्हापासून वेगाचा प्रयोग मी मैदानावरच करतो.

मुलांनी मोबाईल आणायची गरज नाही, बहुतेक शाळांत ते चालतही नाही. शिक्षकांचे दोन मोबाईल पुरेत. वर्गात संगणक किंवा प्रोजेक्टर असेल तर ॲपमध्ये ‘रिमोट ॲक्सेस’ची सोय आहे. मोबाईल आणि संगणक एकाच वायफायवर किंवा हॉटस्पॉटवर जोडले की मोबाईलवरचा आलेख संगणकाच्या ब्राउझरमध्ये दिसतो आणि मागच्या बाकापर्यंत पोचतो. मात्र त्या तासाला फ्लाईट मोड लावल्यावर वायफाय पुन्हा चालू करायला विसरू नका.

पहिला तास: आवाज मोठा म्हणजे काय, बारीक म्हणजे काय

सुरुवात ऑडिओ स्कोपने करा. त्यात आवाजाचा आलेख हलताना दिसतो. एका मुलीला ‘आ’ लावायला सांगा, मग तोच स्वर मोठ्याने. आलेखाची उंची वाढते, पण लाटा तेवढ्याच राहतात. मग तिला आवाज तेवढाच ठेवून वरच्या पट्टीत जायला सांगा. आता उंची साधारण तीच, पण लाटा दाटीने येतात.

इथे आपली भाषा मदतीला येते. मराठीत आवाज मोठा किंवा लहान असतो, आणि बारीक किंवा जाडही असतो. मोठा-लहान म्हणजे आयाम, बारीक-जाड म्हणजे वारंवारिता. आयाम आणि वारंवारिता हे शब्द परीक्षेत लिहायचेच आहेत, पण त्याआधी मुलांनी घरातल्या शब्दांत हा भेद बोलून दाखवावा. मोठा आवाज म्हणजे बारीक आवाज असा घोळ बऱ्याच मुलांच्या मनात असतो. वर्गातल्या सगळ्यात जाड आवाजाच्या मुलाला ओरडायला लावलं की तो सुटतो.

याच तासाला एक धोका आहे, आणि माझ्या मते या सगळ्या शिकवण्यातला तो सर्वांत मोठा. पडद्यावरची नागमोडी रेघ पाहून मुलांना वाटतं की ध्वनी हवेतून सापासारखा वळवळत जातो. मग ती अनुतरंग (ज्यात हवेचे कण तरंगाच्याच दिशेने पुढे-मागे हलतात) हा शब्द पाठ करतात आणि डोक्यात मात्र साप ठेवतात. रेघ दिसल्या दिसल्या सांगा: हे ध्वनीचं चित्र नव्हे, मायक्रोफोनपाशी हवेचा दाब क्षणाक्षणाला किती वाढला आणि किती उतरला याचा आलेख आहे. आडव्या अक्षावर काळ आहे, अंतर नाही.

मग दहा मुलांना रांगेत, एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून उभं करा आणि शेवटच्याला हलकासा धक्का द्या. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्या मुलांना हे सांगावंही लागत नाही: मागून आलेला रेटा पुढे सरकत जातो, माणूस आपल्या जागी येतो. जिथे मुलं दाटली तिथे संपीडन, जिथे फाकली तिथे विरलन. रांगेतल्या पाचव्या मुलाला विचारा, तुझ्या पाठीवरचा दाब कसा वाढला आणि कसा उतरला? तो सांगेल तोच पडद्यावरचा आलेख. यावर अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

मागाची खटखट

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमागांच्या वस्तीतल्या शाळेत शिकवत असाल तर वारंवारितेची ओळख यंत्रमागापासून करा. चादरीच्या आणि टॉवेलच्या मागांचा आवाज ऐकत तिथली मुलं मोठी होतात. एखाद्या मुलाला पालकांच्या परवानगीने, कारखान्याच्या दाराबाहेर उभं राहून, एकच माग चालू असताना आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगा. वर्गात तो मोजा. दोन खट्ट्यांमधला काळ समजा ०.५ सेकंद भरला, तर माग सेकंदाला दोनदा, म्हणजे मिनिटाला १२० वेळा धोटा फेकतो. दोलनकाल ०.५ सेकंद, वारंवारिता २ हर्ट्झ. मागवाल्यांना हा हिशेब मिनिटाच्या भाषेत आधीपासून ठाऊक असतो. मुलाने घरी जाऊन तो वडिलांशी ताडून पाहावा.

मग विचारा: खटखट इतकी जलद झाली की सेकंदाला २०० वेळा, तर काय ऐकू येईल? टोन जनरेटरवर २०० हर्ट्झ लावा. वेगळे ठोके संपून एक सलग जाड सूर ऐकू येतो. मोबाईलचा स्पीकर लहान असल्याने खालचे सूर त्यातून नीट निघत नाहीत, म्हणून २०० च्या खाली जाऊ नका. तिथून ४००, ८००, १६०० असे दुपटीने चढा. गाणं शिकणारी मुलं लगेच सांगतात की सूर तोच आहे, सप्तक बदललं. पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी एक वाजवून ऑडिओ स्पेक्ट्रमवर पाहा; आवाजात कुठल्या वारंवारिता आहेत ते तो सुळक्यांनी दाखवतो. बरोबर लावलेल्या पेटीवर ती २६२ हर्ट्झच्या जवळ दिसते आणि वरच्या सप्तकातली ५२३ च्या.

मुख्य प्रयोग: ध्वनीचा वेग

सकाळी लवकर, वर्दळ नसताना मैदानावर जा. भिंतींपासून लांब, १० मीटरची सरळ रेघ फक्कीने आखा. एका टोकाला फाटकाकडचा मोबाईल, दुसऱ्या टोकाला झाडाकडचा, दोन्ही स्टुलांवर. दोन्हींवर अकौस्टिक स्टॉपवॉच उघडा. या घड्याळाला बोट लावावं लागत नाही. मोठा आवाज ऐकला की ते सुरू होतं, दुसरा ऐकला की थांबतं.

आवाजाची पातळी कितीपासून मोजायची ते ‘थ्रेशोल्ड’ या रकान्यात ठरतं. ती इतकी ठेवा की कुजबुजीने घड्याळ सुरू होऊ नये, पण १० मीटरवरच्या ताटाने व्हावं. हे चार-पाच वेळा करूनच जमतं. टाळी बहुधा पुरत नाही, म्हणून स्टीलचं ताट आणि लाटणं. ‘मिनिमम डिले’ ०.१ सेकंदापेक्षा कमी करू नका. तो कमी पडला तर ताटाच्या घुमण्यानेच घड्याळ थांबतं.

आता क्रम. दोन्ही घड्याळं तयार ठेवा आणि सगळे गप्प. फाटकाकडची मुलगी ताट वाजवते: तिचं घड्याळ लगेच सुरू, झाडाकडचं ध्वनी तिथे पोचल्यावर. दोन सेकंदांनी झाडाकडचा मुलगा ताट वाजवतो: त्याचं घड्याळ लगेच थांबतं, फाटकाकडचं ध्वनी परत आल्यावर. म्हणजे फाटकाकडचं घड्याळ जास्त वेळ चाललं. किती जास्त? ध्वनीला जायला लागला तो काळ आणि यायला लागला तो काळ, दोन्ही मिळून. दोन घड्याळांतला फरक म्हणजे ध्वनीने २० मीटर कापायला घेतलेला वेळ.

समजा फाटकाकडे १.९३६ सेकंद आणि झाडाकडे १.८७९ सेकंद दिसले. फरक ०.०५७ सेकंद. २० भागिले ०.०५७, उत्तर ३५१ मीटर प्रति सेकंद.

या पद्धतीवर माझा जीव आहे, आणि त्याला कारणं आहेत. दोन्ही घड्याळं एकमेकांशी जुळवावी लागत नाहीत. ताट वाजवणारी मुलगी मोबाईलच्या हातभर मागे उभी राहिली तरी, ती रेघेवर असेल तर उत्तर बदलत नाही, कारण तो हातभर उशीर दोन्ही घड्याळांना सारखाच होतो. ती रेघ सोडून बाजूला गेली किंवा दोन मोबाईलच्या मध्ये आली तर मात्र बदलतं. आणि वारा? ध्वनी एकदा वाऱ्याबरोबर जातो, एकदा वाऱ्याविरुद्ध येतो, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम जवळपास पुसला जातो. ही तिन्ही कारणं आधी सांगू नका. मुलांना विचारा, “वारं सुटलंय, प्रयोग बंद करू या का?” त्यांना वाद घालू द्या.

दहा वेळा मोजा आणि सरासरी काढा. दहात एखादं उत्तर ६०० किंवा १५० येईल. कुणी शिंकलं असेल, बाहेर हॉर्न वाजला असेल. ते खोडताना शेजारी कारण लिहायला लावा. कारण सापडलं नाही तर खोडायचं नाही, हा माझ्या वर्गातला पक्का नियम आहे. त्याहून पक्का दुसरा: मोजण्याआधी प्रत्येकाने वहीत आपला अंदाज लिहायचा, पेनाने. अंदाज लिहिला नसेल तर मुलगा ॲपचा आकडा नुसता उतरवून घेतो. लिहिला असेल तर त्या आकड्याशी भांडतो.

सकाळचं उत्तर आणि दुपारचं

आता खरी सोलापुरी गोष्ट. सकाळी सातला प्रयोग झाला की तिथेच सावलीत तापमापी टांगून आकडा लिहून घ्या. मोबाईलवरच्या हवामानाचा आकडा नको, तो तुमच्या मैदानाचा नसतो. दुपारी पुन्हा तोच प्रयोग, तीच रेघ, तेच मोबाईल. मुलांना टोपी, पाण्याची बाटली आणि दहाच मिनिटं. उन्हाचा चटका बसेपर्यंत कुणालाही उभं ठेवू नका. मोबाईलही सावलीत ठेवा, तापलेला मोबाईल मध्येच बंद पडतो.

हवेतल्या वेगासाठी सोपं सूत्र आहे: ३३१.३ अधिक ०.६ गुणिले तापमान. २४ अंशांना ३४५.७ येतो, ४० अंशांना ३५५.३. वीस मीटरसाठी पहिला काळ ५७.९ मिलिसेकंद, दुसरा ५६.३. फरक दीड मिलिसेकंदाचा. एका मोजणीत तो गोंधळात बुडून जातो, दहा-दहा मोजण्यांच्या सरासरीत वर येतो. नाही आला तर अंतर वाढवून १५ मीटर करा आणि ताटाऐवजी शाळेची पितळी घंटा वापरा.

कारण समजावताना गणित नको. तापलेल्या हवेत रेणू जास्त वेगाने इकडेतिकडे धावत असतात, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला लवकर लागतो. रांगेतली मुलं आठवा: पेंगुळलेली रांग आणि चुळबुळती रांग. रेटा कुठून लवकर पोचेल?

इथेच प्रतिध्वनीचं गणित पुन्हा काढायला द्या. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला ०.१ सेकंदाचं अंतर लागतं, म्हणून २२ अंशांना भिंत किमान १७.२ मीटर लांब हवी. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे किती? १७.८ मीटरच्या जवळ. ओंजळभर वाढलेलं हे अंतर मुलं स्वतः काढतात तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहा.

पाईप आणि बादली

अनुस्पंदन, म्हणजे ठरावीक वारंवारितेला हवेचा स्तंभ जोरात कंप पावू लागणं, शिकवायला हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची पीव्हीसी पाईपचा ४० सेंटिमीटरचा तुकडा आणा. बादली जवळपास काठोकाठ भरा. टोन जनरेटरवर १००० हर्ट्झ लावा. एकाने पाईप पाण्यात उभा धरायचा, दुसऱ्याने मोबाईलचा स्पीकर पाईपच्या तोंडाशी आणायचा. मोबाईल धरणाऱ्याचे दोन्ही हात कोरडे आणि दुसरं काही काम नको. पाईप हळूहळू वर घ्या. एका जागी सूर एकदम भरून येतो. पाण्याच्या वर राहिलेल्या पाईपची लांबी तिथे ८ सेंटिमीटरच्या आसपास असते. आणखी वर घ्या, २५ च्या आसपास तो पुन्हा भरतो.

पहिली लांबी तरंगलांबीच्या (एका संपीडनापासून पुढच्या संपीडनापर्यंतच्या अंतराच्या) पाव भागाएवढी हवी, पण थोडी कमी भरते, कारण हवेचं कंपन पाईपच्या तोंडाबाहेर जरासं सांडतं. ही डोकेदुखी टाळायला दोन लांबींमधला फरक घ्या. तो तरंगलांबीचा बरोबर निम्मा. ३५ अंशांना तो १७.६ सेंटिमीटर यायला हवा. दुप्पट करून १००० ने गुणा, की वेग पुन्हा ३५२ येतो, तोही घड्याळाशिवाय. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येणं हे मुलांना कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त पटतं.

बादलीतलं पाणी प्रयोगानंतर कुंड्यांना घाला. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येणं हीसुद्धा चैन वाटते, तिथे ते ओतून देताना मुलांनी पाहू नये.

तबला आणि हलगी

हा भाग अभ्यासक्रमाच्या पुढचा आहे, पण मी तो सोडत नाही. ऑडिओ स्पेक्ट्रम लावून आधी हलगीवर एक थाप द्या, मग तबल्यावर एक खणखणीत ‘ना’. हलगीचे सुळके वेड्यावाकड्या अंतरांवर उभे राहतात. तबल्याचे सुळके जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पायऱ्यांवर. म्हणूनच तबला सुरात लावता येतो. सगळीकडे सारखं, नुसतं ताणलेलं कातडं अशा पायऱ्यांत वाजत नाही. ही किमया तबल्यावरच्या शाईची: मधोमध दिलेल्या त्या वजनाने कातड्याची कंपनं ओळीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात हेच मांडलं होतं. मोबाईल नव्हता, स्पेक्ट्रम नव्हता. भजनी मंडळातला पखवाज मिळाला तर त्याची शाईची बाजूही अशीच पाहा.

डेसिबलबद्दल

ॲपमधला डेसिबलचा आकडा खरा समजू नका. प्रत्येक मोबाईलचा मायक्रोफोन वेगळा, आणि मोजणी प्रमाणित केलेली नसते. तुलना मात्र करता येते: मोकळ्या मैदानावर आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की आकडा साधारण ६ ने उतरतो. एवढं करून थांबा, ‘आमच्या गल्लीत इतके डेसिबल’ असा तक्ता करू नका.

पण कायद्यातले आकडे वर्गात जरूर सांगा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कारखान्यांत आठ तास काम करणाऱ्याच्या कानांसाठी ती ९० ची. मी हे सांगतो तेव्हा दरवर्षी कुणीतरी हात वर करतं, “सर, बाबांशी घरी मोठ्यानेच बोलावं लागतं.” तिथे मी ॲप बंद करतो आणि कानात घालायच्या बोळ्यांबद्दल बोलतो. औषधाच्या दुकानात ते मिळतात, नीट बसवले तर माग चालवताना पुष्कळ फरक पडतो. मुलांनी ही एक गोष्ट घरी नेली तरी माझ्या लेखी तास भरून पावला.

सहल विजापूरला असेल तर

सोलापूरपासून गोल घुमट सुमारे १०० किलोमीटर. आपल्या बऱ्याच शाळांच्या सहली तिथे जातातच. मुलं वरच्या सज्जात जाऊन ओरडतात आणि खाली येतात. या वेळी दोन मोबाईल बरोबर घ्या. सज्जात समोरासमोरचं सरळ अंतर साधारण ३८ मीटर, भिंतीला धरून गेलं तर जवळपास ६०. कुजबूज पलीकडे पोचते ती भिंतीला धरून. मग ताटाचा आवाज आधी कुठल्या वाटेने पोचेल? सरळ वाटेने जाऊन-येऊन ०.२२ सेकंद, भिंतीच्या वाटेने ०.३४. दोन्ही अंदाज बसमध्येच वहीत लिहून घ्या. दार उघडल्या उघडल्या, गर्दी जमण्याआधी वर चढा, आणि पहारेकऱ्यांना विचारूनच ताट वाजवा.